लंडनच्या लॉ सेंटरमध्ये लेकीला राहायचंय: पगार, परीक्षा आणि व्हिसाचं गणित

प्रश्न: माझी मुलगी पुण्यात पाच वर्षांची वकिलीची पदवी घेऊन सध्या लंडनमध्ये एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) करते आहे. आठवड्यातून एक दिवस ती एका लॉ सेंटरमध्ये, म्हणजे गरजूंना कायदेशीर मदत देणाऱ्या सेवाभावी संस्थेत, विनामोबदला कामाला जाते. आता म्हणते, याच कामात राहायचं आणि तिथली सॉलिसिटर व्हायचं. आमच्यावर शैक्षणिक कर्ज आहे. अशा सेवाभावी संस्थेत पोट भरतं का? की तिला परत बोलवावं? – एक आई, सांगली

ताई, नमस्कार.

परत बोलवायची घाई करू नका. पण ‘सध्या करू दे, पुढचं पुढे पाहू’ असंही सोडून देऊ नका. या क्षेत्रात नोकऱ्या आहेत, पगार आहे आणि अनुभवी माणसांची चणचणही आहे. खरी अडचण व्हिसाची आहे आणि तिचा विचार पदवी हातात पडायच्या आधीच करावा लागतो.

आधी ही संस्था चालते कशी ते बघू. इंग्लंड आणि वेल्समध्ये गरजूंना सरकारी खर्चाने वकील मिळण्याची सोय १९४९ च्या कायद्याने झाली. पहिलं लॉ सेंटर १९७० मध्ये लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टन भागात उघडलं. या सोयीला लीगल एड म्हणतात. आज लीगल एड एजन्सी हे सरकारी खातं खासगी वकिली फर्म आणि सेवाभावी संस्था या दोघांनाही कंत्राटं देतं. लॉ सेंटरमध्ये सॉलिसिटर (पक्षकाराचं प्रकरण हाताळणारे वकील), केसवर्कर (सॉलिसिटर नसूनही प्रकरणांवर काम करणारे) असे पगारी लोक असतात. त्यांचा पगार थोडा या कंत्राटातून, थोडा नगरपालिकेच्या अनुदानातून आणि थोडा विश्वस्त निधींच्या देणग्यांतून निघतो.

एप्रिल २०१३ पासून सरकारने या मदतीची व्याप्ती फार कमी केली. घरातून बाहेर काढलं जाण्याची वेळ, आश्रय मागणाऱ्यांचे अर्ज, घरगुती हिंसाचाराचा पुरावा असलेली कौटुंबिक प्रकरणं अशी कामं आत राहिली. गरजूंना मिळणाऱ्या सरकारी भत्त्यांबद्दलचा सल्ला, बहुतेक नोकरीविषयक तंटे आणि बरीचशी कर्जप्रकरणं बाहेर गेली. याचा परिणाम रोज दिसतो. एखाद्या बाईचा भत्ता थांबतो, म्हणून भाडं थकतं, म्हणून घरमालक कोर्टात जातो. घर वाचवण्याच्या कामाचे पैसे सरकार देतं, पण ज्या भत्त्यामुळे सगळं सुरू झालं तो परत मिळवून देण्याचे सहसा देत नाही. चांगली संस्था देणगीच्या पैशातून ते दुसरं कामही करते, कारण तो भत्ता सुरू झाल्याशिवाय घर टिकत नाही. तुमच्या मुलीला हे काम का सोडवत नाही, हे इथे लक्षात यावं.

आता ती रोज काय शिकू शकते ते बघा. पक्षकार समोर बसला की कायद्याच्या आधी त्याच्या पैशांची चौकशी होते. सर्वसाधारण दिवाणी मदतीसाठी महिन्याचं ढोबळ उत्पन्न २,६५७ पौंडांपेक्षा, ठरलेल्या वजावटींनंतरचं उत्पन्न ७३३ पौंडांपेक्षा आणि बचत ८,००० पौंडांपेक्षा जास्त चालत नाही. युनिव्हर्सल क्रेडिट हा कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता मिळत असेल तर उत्पन्नाची तपासणी टळते, बचतीची टळत नाही. नवखी माणसं हमखास चुकतात ती इथेच: सोबत राहणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न धरायचं राहतं, बँकेच्या उताऱ्याचं एखादं पान नसतं, किंवा फॉर्मवरची सही काम सुरू झाल्यानंतरच्या तारखेची असते. पुढे एजन्सीच्या तपासणीत अशी फाइल सापडली की तिचे पैसे नाकारले जातात. काम झालेलं असतं, पगार दिलेला असतो, आणि खड्डा संस्थेच्या खिशाला पडतो. दिवाणी कामाचे दर २०११ मध्ये १० टक्क्यांनी कापले आणि बऱ्याच कामांत पुढे वर्षानुवर्षे वाढ झाली नाही. त्यामुळे अशा चार-पाच फायलीही लहान संस्थेला जड जातात. एप्रिल २०२५ मध्ये एजन्सीवर सायबर हल्ला झाला, त्यानंतर ऑनलाइन यंत्रणा कित्येक महिने बंद राहिली. तेव्हा तर शिल्लक नसलेल्या संस्थांचे हाल झाले. फाइल पहिल्याच दिवशी नीट उघडणारी आणि दर सहा मिनिटांच्या हिशेबाने वेळ नोंदवणारी मुलगी अशा ठिकाणी सगळ्यांना हवी असते.

माणसांची चणचण नेमकी कुठे आहे तेही सांगतो. प्रत्येक विषयाच्या कंत्राटासाठी त्या विषयाचा पात्र सुपरवायझर लागतो आणि त्याच्या नावावर त्या कामाचे ठरावीक तास असावे लागतात. तो सोडून गेला आणि बदली मिळाला नाही, तर कंत्राटच धोक्यात येतं. म्हणून तिने सगळ्याच विषयांत थोडंथोडं करण्यापेक्षा एक विषय धरावा. माझं मत घरांच्या प्रकरणांकडे झुकतं. ऑगस्ट २०२३ पासून घर जाण्याची लेखी सूचना मिळालेल्या कोणालाही, उत्पन्न न तपासता, सुरुवातीचा सल्ला आणि सुनावणीच्या दिवशी कोर्टात वकील मिळतो. नवख्या माणसाला अशा सुनावण्यांच्या तयारीतून थोड्या काळात भरपूर शिकायला मिळतं. इमिग्रेशनमध्ये तिची हिंदी-मराठी कामी येईल हे खरं, पण तिथे नोंदणी किंवा मान्यताप्राप्त देखरेखीशिवाय सल्ला देणं हा गुन्हा आहे. ओळखीच्या मराठी कुटुंबाला फोनवरून ‘सहज’ सांगितलेलंही त्यात येऊ शकतं. हे तिला स्पष्ट बजावा.

सॉलिसिटर होण्यासाठी आता एसक्यूई ही परीक्षा आहे. पहिल्या टप्प्यात प्रत्येकी १८० प्रश्नांचे दोन पेपर असतात, दुसऱ्यात लेखी आणि तोंडी मिळून १६ कामं. दोन्ही टप्प्यांची फी पाच हजार पौंडांच्या आसपास जाते, क्लासचा खर्च वेगळा. शिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. तो जास्तीत जास्त चार संस्थांत मिळून चालतो आणि विनामोबदला केलेलं कामही मोजलं जातं. म्हणजे तिचा आठवड्याचा तो एक दिवस वाया जात नाही. फक्त त्या अनुभवावर सहसा तिथल्या सॉलिसिटरने शिक्कामोर्तब करावं लागतं. लोक इथे फसतात: वर्षभर काम करतात, सुपरवायझर नोकरी बदलतो, आणि मग सही कोणाची घ्यायची ते कळत नाही. दर महिन्याला काय काम केलं याचं एक पान, पक्षकाराचं नाव न लिहिता, तयार करून त्याच महिन्यात दाखवून घ्यायचं.

तिच्याकडे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. इथे एक मोठा फायदा आहे. दुसऱ्या देशात आधीच वकील असलेल्यांना त्या दोन वर्षांच्या अनुभवाची अट नाही, परीक्षा मात्र द्यावी लागते. सनद घेतली नसेल तर सुटीत आल्यावर नोंदणी करावी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालानंतर खुल्या वर्गासाठी नोंदणी शुल्क ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. त्यानंतर दोन वर्षांत ऑल इंडिया बार परीक्षा पास व्हावी लागते. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित ठेवावी लागते. तेव्हा नोंदणी आणि परीक्षा नोकरीच्या आधी उरकलेली बरी. आपली सनद तिथे कोणत्या टप्प्यापासून ग्राह्य धरतील, हे सॉलिसिटरांचं नियमन करणाऱ्या सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीकडून तिने ईमेलवर लेखी घ्यावं.

आता व्हिसा. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, आणि नोकरीसारखं ठरलेलं विनामोबदला कामही त्या तासांत धरलं जाऊ शकतं. दुसरी अर्धवेळ नोकरी असेल तर बेरीज तपासा. शिक्षण संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो. ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत अर्ज केला तर दोन वर्षांचा, त्यानंतर दीड वर्षाचा. कर्जाच्या दृष्टीने हे सहा महिने मोठे आहेत. तो संपला की स्किल्ड वर्कर या नोकरीच्या व्हिसासाठी संस्थेकडे स्पॉन्सर परवाना (परदेशी माणसाला नोकरीवर ठेवण्याची सरकारी परवानगी) हवा आणि पगार साधारणपणे ४१,७०० पौंड किंवा त्या पदाचा ठरलेला दर, यातला जो जास्त तो हवा. नोकरीत नव्याने येणाऱ्यांना सवलत धरून किमान ३३,४०० पौंड. सल्ला देणाऱ्या संस्थांतल्या केसवर्करच्या कितीतरी जाहिराती याच्या खाली असतात. जुलै २०२५ पासून पदही सर्वसाधारणपणे पदवीच्या पातळीचं लागतं. त्यामुळे केसवर्कर म्हणून स्पॉन्सरशिप मिळेल असं धरून चालू नका. ग्रॅज्युएट व्हिसाच्या काळात एसक्यूई पार पाडून सॉलिसिटरच्या पदापर्यंत पोचली, तरच दार उघडं राहतं. लहान लॉ सेंटरकडे परवाना नसेल, तर लीगल एडचं काम करणाऱ्या मोठ्या खासगी फर्ममध्ये तेच पक्षकार आणि तोच कायदा असतो. तिथे दोन-तीन वर्षं काढण्यात काही कमीपणा नाही.

आणि हे जमलं नाही तर? शिकलेलं भारतातही वापरता येतं. २०२२ च्या योजनेनुसार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांत आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ वकील नेमतात आणि असिस्टंट पदासाठी शून्य ते तीन वर्षांचा फौजदारी अनुभव चालतो. पद कंत्राटी असतं, सुरुवातीला दोन वर्षांचं, आणि खासगी वकिली करता येत नाही. इथल्या मानधनावर पौंडांतल्या शिक्षणखर्चाचं कर्ज फिटणार नाही, एवढं मात्र आधीच धरून चाला.

या आठवड्यात तिच्याशी बोलताना तीन गोष्टी विचारा. लॉ सेंटरकडे स्पॉन्सर परवाना आहे का? (परवाना असलेल्या संस्थांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.) तिच्या कामावर सही करणारा सॉलिसिटर कोण, आणि तो किती काळ तिथे आहे? एसक्यूईचा पहिला टप्पा ती कोणत्या महिन्यात देणार? उत्तरं मिळाली की कर्जाचा हप्ता कधी सुरू होतो ती तारीख शेजारी लिहा आणि मला पुन्हा पत्र पाठवा.