हेपॅटायटिस बी ची गोळी दोन वर्षं घेतली, रिपोर्ट नॉर्मल आला, आता बंद केली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की गोव्यात डिचोलीला राहता, वय ३१, टेनोफोविर ३०० दोन वर्षं घेतली, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, आता 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' आलाय, लिव्हरची तपासणी एसजीपीटी २८, म्हणून गेले आठ दिवस गोळी घेतलीच नाही आणि काहीच झालं नाही. वर पाठ धरते म्हणून फार्मसीतून डायक्लोफिनॅक आणून खाताय. मी डॉक्टर नाही हां, कुंडईला फॅक्टरीत शिफ्टला जातो, पण हीच गोळी २०१६ पासून खातोय आणि मधे एकदा तुम्ही केलं तेच करून बसलोय, म्हणून लिहितो.

आधी एवढंच करा, ज्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली त्यांना आजच फोन लावा किंवा उद्या सकाळी ओपीडीला जाऊन उभे राहा, आणि आठ दिवस बंद होती हे लपवू नका. ओरडतील, ओरडूंदे. बहुतेक लगेच परत सुरू करायला सांगतील आणि एसजीपीटी आणि किडनीसाठीची क्रिएटिनिन तपासणी करून घेतील.

आता माझं. २०१५ ला आमच्या वाड्यावर रक्तदान शिबिर झालं, मी हौसेने दिलं, नंतर बोलावणं आलं आणि कळलं की एचबीएसएजी पॉझिटिव्ह, म्हणजे अंगात हेपॅटायटिस बी आहे. अंगात काहीच नाही, ताप नाही, डोळे पिवळे नाहीत, मी तर म्हटलं मशीन चुकलं. वर्षभर नुसती तपासणी, मग रक्तातला व्हायरसचा डीएनए आणि एसजीपीटी दोन्ही वर गेले तेव्हा गोळी सुरू झाली. दीड वर्षात रिपोर्ट एकदम क्लीन. २०१८ ची चवथ (गणेश चतुर्थी) आली, घरात दीड दिवसाचा गणपती, पाहुणे, माटोळीची (गणपतीवर फळं-पानं टांगतात ती) धावपळ, गोळीची बाटली संपली आणि मी म्हटलं आता रिपोर्ट तर बरा आहे, चवथीनंतर बघू. चवथीनंतर कोण बघतो! पहिले दोन महिने काही म्हणजे काही झालं नाही, उलट मला वाटलं सुटलो एकदाचा. डिसेंबरात भूक गेली, मासळीचा वास नको झाला (माझ्यासारख्या माणसाला, म्हणजे बघा), मग लघवी काळ्या चहासारखी. घरच्यांनी म्हटलं कामीण (कावीळ) झाली, आणि मला एका झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे नेलं, तीन सकाळी उपाशीपोटी रस प्यालो, ते आठ दिवस त्यातच गेले. रक्त तपासलं तेव्हा एसजीपीटी अकराशेच्या वर. अकरा दिवस ॲडमिट. लिव्हर आधीच सुकायला लागलेलं असतं, म्हणजे सिरॉसिस असता, तर हे लिहायला मी नसतो असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. यात दोष माझाच, गोळीचा नाही, डॉक्टरांचाही नाही.

तेव्हा आठ दिवसांत काही झालं नाही याला तसा अर्थच नाही. व्हायरस परत वाढायला काही आठवडे लागतात, कधी काही महिने, आणि तो वाढताना माणसाला कळत नाही, कळतं ते लिव्हरला मार बसल्यावर.

मला वॉर्डात एका ज्युनियर डॉक्टरीण बाईंनी फार चांगलं समजावलं होतं. ही गोळी व्हायरसला मारत नाही, ती त्याच्या कॉप्या काढणं बंद करते. पण लिव्हरच्या पेशीच्या आत, केंद्रकात, व्हायरसचा मूळ मसुदा जपून ठेवलेला असतो, सीसीसीडीएनए म्हणतात त्याला, तिथे गोळी पोचत नाही. 'नॉट डिटेक्टेड' म्हणजे रक्तात कॉप्या सापडल्या नाहीत. मसुदा आतच आहे. गोळी थांबली की परत झेरॉक्स सुरू. रिपोर्ट चांगला आला तो गोळी घेत होता म्हणून आला, हे मला अकरा दिवस सलाईन लावून घेतल्यावर कळलं, तुम्हाला फुकटात सांगतोय.

मग जन्मभर का? तसं नाही, काही जणांची थांबवतात. एचबीएसएजीच निगेटिव्ह झालं तर, पण ते फार थोड्यांचं होतं. किंवा सुरुवातीला ई अँटिजेन (व्हायरसचं एक प्रथिन, रक्तात तपासतात) पॉझिटिव्ह होतं ते जाऊन त्याची अँटिबॉडी तयार झाली, डीएनए सापडत नाही, त्यानंतरही निदान वर्षभर गोळी चालू ठेवली आणि सिरॉसिस नाही, अशांचा विचार करतात. आणि थांबवली तरी नंतर कित्येक महिने रक्त तपासत राहतात. तुमचं ई अँटिजेन काय होतं ते फायलीत बघा आणि डॉक्टरांना सरळ विचारा की माझी कधी थांबू शकेल. विचारायला हरकत काहीच नाही.

आता डायक्लोफिनॅक. हे वाचून मला जास्त भीती वाटली खरं म्हणजे. टेनोफोविर ३०० किडनीवाटे बाहेर पडतं आणि काही लोकांत किडनीला त्रास देतं, म्हणून तर क्रिएटिनिन करायला लावतात. त्यावर डायक्लोफिनॅकसारखी पेनकिलर रोज खाल्ली तर किडनीवर दुहेरी भार पडतो. ती बंद करा आणि पाठीसाठी काय घ्यायचं ते डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. पॅरासिटॅमॉल सुद्धा मनाने किती पण नको, लिव्हरवाल्यांना त्याची मर्यादा कमी असते. आणखी एक, हीच गोळी लांब घेतली तर हाडं थोडी विरळ होऊ शकतात, तेव्हा तुमची पाठ नुसती बाईकमुळे धरते की आणखी काही आहे हे पण सांगून बघा. आमच्या रस्त्यांवर बाईकमुळेच असण्याची शक्यता जास्त.

घ्यायची पद्धत तर सोपी आहे. रोज एक, ठरलेल्या वेळी. मी रात्री जेवल्यावर घेतो कारण शिफ्ट बदलली तरी रात्रीचं जेवण सुटत नाही. विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, पुढच्या गोळीची वेळच जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका. कुणाला एन्टेकाविर असते, ती मात्र उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या जेवणाच्या दोन तास आधी. म्हणून शेजाऱ्याचा सल्ला ऐकताना त्याची गोळी कुठली ते आधी विचारा.

आणि हो, एक घोळ माझ्यासोबत झाला तो सांगतो. टेनोफोविर दोन प्रकारची येते, एक ३०० मिलीग्रॅम, दुसरी अलाफेनामाइड नावाची २५ मिलीग्रॅम. ती २५ ची म्हणजे कमी पॉवर नव्हे, त्याच औषधाचं वेगळं रूप आहे, किडनीला आणि हाडांना जरा हलकं, जेवणासोबत घ्यायचं. एकदा मला काऊंटरवर एकाऐवजी दुसरी मिळाली आणि मी घरी येऊन हिशेब करत बसलो की बारा गोळ्या खायच्या की काय! चिठ्ठीवरचं पूर्ण नाव जुळवून घ्या, नाही जुळलं तर परत करा.

बाटलीत ती छोटी पुडी असते ना, दमट शोषणारी, ती फेकू नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे गोळीचं काय घेऊन बसलात. बाटलीतच ठेवा, झाकण घट्ट, फ्रिजवर किंवा न्हाणीत नको.

गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) लाईनमध्ये मला एक जण भेटला, त्याला एचआयव्ही आणि बी दोन्ही. त्याची रोजची एकच गोळी, टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोलुटेग्रॅविर एकत्र, एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरमधून फुकट मिळते, आणि त्यातली पहिली दोन बी वर पण चालतात. तेव्हा कळलं की बी ची गोळी सुरू करण्याआधी एचआयव्ही टेस्ट का करतात. एचआयव्ही असताना नुसती टेनोफोविर किंवा एन्टेकाविर एकटी दिली तर एचआयव्ही त्या औषधाला जुमानेनासा होऊ शकतो. तुमची ती टेस्ट झाली नसेल तर करून घ्या, लाजण्यासारखं काही नाही. त्याने सांगितलेली गंमत म्हणजे ॲसिडिटीची पातळ औषधं त्याच्या गोळीसोबत चालत नाहीत, गोळी औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. तुम्हाला लागू नाही, पण वाचणाऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

हुर्राकचा (काजूच्या दारूचा) सीझन आला की मित्र म्हणतात एक ग्लास, लिंबू पिळून. मी लिम्काच पितो. लिव्हर आधीच एकाशी भांडतंय, दुसरा शत्रू कशाला.

घरचं राहिलं. बायको, मुलं, आईबाप, भाऊ यांची एचबीएसएजी करा आणि निगेटिव्ह असतील तर लस, तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. एका ताटात जेवल्याने, पेल्याने हे होत नाही, रक्ताने होतं, शारीरिक संबंधातून होतं, आईकडून बाळाला होतं. रेझर, ब्रश वेगळा. आमच्या घरी मोठी आई माझा पेला वेगळा ठेवायची, तिला समजवायला एक चवथ गेली.

खर्चाचं म्हणाल तर २८ जुलै २०१८ पासून सरकारचा व्हायरल हेपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात बी ची तपासणी आणि औषधं फुकट आहेत. पैशासाठी बंद केली असेल तर सरकारी हॉस्पिटलात त्याची चौकशी करा. आणि पुढच्या वेळी बाटलीत दहा गोळ्या उरल्या की लगेच आणायला जायचं, एवढं मी करतो, चवथीच्या तर पंधरा दिवस आधीच. डोळे पिवळे, लघवी गडद, पोट फुगलं किंवा माणूस बरळायला लागला तर ओपीडीची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टी गाठा, रस प्यायला कुठे नको.