हॉलचं भाडं भरलं, ओळखीचं काय?

इंग्लंडमधल्या स्विंडनहून एका ताईंचं पत्र आलंय. "आमचं मंडळ कित्येक वर्षं चर्चच्या हॉलमध्येच गणपती बसवतं. भाडं वेळेवर देतो, हॉल लख्ख करून परत करतो. यंदा तिथल्या व्हिकरबाईंनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, नाताळच्या चहाला बोलावलं, पण कुणीच गेलं नाही. 'उगाच गळ्यात पडतील, मग धर्माचं काहीतरी काढतील,' असं आमचे हे म्हणाले. मला मात्र चुटपुट लागलीय."

लागायलाच हवी! त्यांच्या छपराखाली इतकी वर्षं आरत्या म्हणता आणि एक कप चहा जड झाला? तुमच्या ह्यांना सांगा, २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिश्चन म्हणवणारे ४६.२ टक्केच निघाले. रविवारी बाकावर दिसणारे त्याहून कितीतरी कमी. त्या मंडळींना खुर्च्या लावायला हात हवे असतात, ताई.

आता माझं पालुपद, नेहमीच्या वाचकांनी खुशाल हसावं. आधी आपण जायचं, आणि जायचं ते काम मागायला. आपण काय करतो? गणपतीला चार गोऱ्यांना बोलावतो, मोदक देतो, फोटो काढतो आणि समजतो मैत्री झाली. त्यात सगळा मान आपलाच. माझी नणंद बर्मिंगहॅमला चर्चच्या फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देतात तिथे, डबे तारखेप्रमाणे लावायला जाऊ लागली. तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सूप घेऊन दारात कोण उभं? तिथलीच एक जमैकन आजी. मराठी मंडळाच्या ग्रुपवर फक्त हात जोडलेले इमोजी आले. माझ्या सासूबाईंना तर इंग्रजीचा गंध नव्हता, तरी त्याच चर्चच्या विणकामाच्या गटात त्या 'मिसेस के' झाल्या.

गुरुद्वारा जवळ असेल तर डोकं झाका, लंगरला बसा, मग भांडी घासायला थांबा. मशिदीतून इफ्तारचं बोलावणं आलं तर खजूर घेऊन जा. सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, आधी ईमेल करा, दारात चौकशी झाली तर राग मानू नका. त्यांना सुरक्षा पाहावीच लागते. चर्चमध्ये प्रार्थनेला बसलात आणि भाकरी-वाइनचा विधी आला, तर जागेवर बसून राहा, कुणी काही म्हणत नाही.

आणि आपण पुणेकरांनी हे दुसऱ्याकडून शिकायचं? कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं सिनेगॉग, आठवा. बगदाद सोडून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससूननी ते १८६३ साली आपल्या ज्यू समाजासाठी बांधायला घेतलं. पण दवाखान्याला पैसा दिला तो सगळ्या गावासाठी. आमच्या घरातली निम्मी माणसं त्या ससूनमध्येच जन्मली. परक्या गावात बस्तान असं बसतं.

तेव्हा व्हिकरबाईंना आजच लिहा: चहा हुकला, पुढच्या कार्यक्रमाला खुर्च्या लावायला चौघं येतो. चौघं जमली नाहीत तर ह्यांना घेऊन दोघं जा.

बाकीच्या पत्रांची उत्तरं भराभर. लेकाने शाळेच्या नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हावं का? व्हावं. केकमध्ये अंडं असतं का? बहुतेक असतंच, चालत नसेल तर विचारून घ्या. सासूबाईंच्या प्रवासविम्याचं मला काही कळत नाही, एजंटला विचारा.