स्वालबार्डच्या क्रूझला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

सगळ्यात आधी व्हिसा. स्वालबार्ड हा आर्क्टिकमधला बेटांचा समूह नॉर्वेचाच असला तरी शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) येत नाही, म्हणजे ऑस्लोहून स्वालबार्डच्या मुख्य गावाला, लाँगइयरब्येनला, गेलात की तुम्ही शेंगेनबाहेर आणि येताना पुन्हा आत, त्यामुळे डबल एंट्रीच मागा, नाहीतर परतीला अडकाल. दुसरं म्हणजे पांढरं अस्वल अगदी जवळून बघायचं डोक्यातून काढून टाका. 2025 पासून नियम कडक झालेत, मार्च ते जून 500 मीटर आणि बाकी वेळ 300 मीटर लांब राहावं लागतं, आणि मला हे मनापासून पटतं, घर त्यांचं आहे ना. म्हणून लेन्सच्या आधी चांगली दुर्बीण घ्या. रूट पक्का धरू नका, बर्फ, धुकं, वारा बघून तो रोज बदलू शकतो. झोडियाक बोटीत (जहाजावरून किनाऱ्याकडे नेणारी छोटी रबरी बोट) पाणी उडतं, वॉटरप्रूफ पँट हवीच, गमबूट बऱ्याच जहाजांवर मिळतात पण बुकिंगलाच विचारा. शाकाहारी असाल तर तेही तेव्हाच सांगा. आणि आल्केफ्येलेटचा कडा प्लॅनमध्ये असेल तर कितीही उशीर झाला तरी केबिनमध्ये झोपून राहू नका हो, हजारो गिलमॉट पक्षी एकाच कड्यावर, काय तो कलकलाट! उन्हाळ्यात तिथे मध्यरात्रीही उजेडच असतो.