भरतकामाची आवड पार गेली आहे. ती परत कशी आणावी?

ताई, तुम्ही लिहिलंय की लग्नाआधी भरतकामाचं वेड होतं, आता दोऱ्यांचा डबा उघडायचंही जिवावर येतं. अर्धवट भरलेला एक मोर कपाटात आहे आणि तो दिसला की अपराधी वाटतं. "रोज दहा मिनिटं बसा, गोडी आपोआप लागेल" हा सल्ला तुम्हाला मिळालाच असेल. मलाही मिळाला होता. त्या दहा मिनिटांत मी फक्त गुंता सोडवायची आणि डबा बंद करायची. म्हणून मी दुसऱ्या बाजूनं सांगते.

मी यवतमाळ जिल्ह्यातली, दारव्ह्याकडच्या एका खेड्यातली. घरी शेती आहे, कापूस, सोयाबीन, थोडी तूर. हे सांगायचं कारण असं की भरतकामाबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक मऊ हातांच्या बायांनी पंख्याखाली बसून लिहिलेलं असतं. आमच्याकडे आवड जायची निम्मी कारणं मनात नसतातच, ती बोटांत असतात.

सीतादहीची, म्हणजे वेचणीच्या मुहूर्ताची पूजा झाली आणि कापसाची वेचणी सुरू झाली की थोड्याच दिवसांत बोटांची दशा होते. बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं कडक होतात, कापूस ओढताना नखाच्या कडेला घुसतात. चिरा पडतात, कातडी खरबरीत होते. अशा हातानं सहा पदरी दोऱ्यातून दोन पदर वेगळे करून बघा. दोरा बोटाला अडकतो, पिंजतो, आणि जो भरीव टाका चमकायला हवा तो केसाळ दिसतो. मग बाई म्हणते, माझा हात गेला, आता पहिल्यासारखं होत नाही. हात कुठंही गेलेला नसतो. रात्री झोपताना खोबरेल लावायचं, आणि टाके घालायला बसण्याआधी थोडी साखर आणि तेल हातावर चोळून साबणानं स्वच्छ धुवायचं. तेल राहिलं तर कापडावर डाग पडतो, म्हणून धुणं महत्त्वाचं. तरीही अडकत असेल तर वेचणी संपेपर्यंत भरीव काम हातात घेऊच नये. जाड दोऱ्याची साखळी घालावी, धावदोरा घालावा. दोन-तीन महिने भरतकाम बंद राहिलं तर त्याला आवड गेली म्हणू नये, हंगाम आहे म्हणावं.

डोळ्यांचंही बघा. तुम्ही वय लिहिलेलं नाही, पण चाळिशीच्या आसपास जवळचं धूसर व्हायला लागतं आणि ते इतकं हळूहळू होतं की लक्षात येत नाही. सुईत दोरा ओवायला त्रास होतो, मॅटी कापडाची चौकोनी घरं मोजताना चुकायला होतं, चिडचिड होते, आणि आपण समजतो की मन लागत नाही. माझ्या जावेनं विणकाम-भरतकाम सगळं सोडलं होतं. तालुक्याला डोळे तपासून जवळचा चश्मा आणला, आणि त्या आठवड्यात तिनं उशीच्या अभ्र्यावर भरतकाम करायला घेतलं. तिला कोणी प्रेरणा-बिरणा दिली नाही.

उन्हाळ्याचं तर काय सांगावं. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की हाताच्या घामानं पांढरं कापड मळतं, सुईला गंज धरतो, कुलरसमोर बसावं तर दोरे उडतात. चैत्र-वैशाखात मी भरतकामाला हात लावत नाही आणि त्याचं वाईटही वाटून घेत नाही.

हे काहीच तुम्हाला लागू नसेल तर मग माझं जे झालं तेच तुमचं झालं असण्याची शक्यता आहे.

मी रुखवतासाठी भरायची. आमच्या घराण्यात कुणाचंही लग्न निघालं की टेबलक्लॉथ, पंखे, ताटावरचे रुमाल, मॅटीवरचा राधाकृष्ण हे माझ्याकडे असायचं. लग्नाच्या दिवशी रुखवताच्या टेबलाशी बाया थांबायच्या, कापड उलटं करून मागची बाजू बघायच्या. ज्यांना भरतकाम कळतं त्या मागचीच बाजू बघतात, गाठी किती आणि दोरा कुठून कुठं ओढला ते. ती माझी परीक्षा होती आणि मला ती आवडायची. मग हळूहळू रुखवत तयार मिळायला लागलं. थर्माकोलचा बंगला, सुपाऱ्यांचं वरातीचं चित्र, सगळं दुकानातून. भाचीच्या लग्नाला मी महिनोन्महिने बसून सहा रुमालांचा संच केला, तर ती प्रेमानंच म्हणाली, "आत्या, एवढा त्रास कायले घेतला, सगळं रेडिमेड येते आता." तिचं काही चुकलं नाही. पण त्यानंतर मला सुई धरावीशी वाटेना. कापड तेच, रंग तेच, हातही तोच, पण हे भरून द्यायचं कोणाला, याला उत्तर नव्हतं. मी मात्र बरीच वर्षं समजत होते की आपण आळशी झालो.

त्यात गावची रीत अशी, की फाटकं शिवत बसलं तर ते काम, आणि फूल काढत बसलं तर "आज रिकामी दिसून रायली बाई." ओट्यावर भरतकामाची रिंग घेऊन बसले की येणारी-जाणारी प्रत्येक बाई हे बोलणार. लग्नकार्य असलं की बोलत नाहीत, कारण तेव्हा त्याला निमित्त असतं. निमित्त गेलं आणि बोलणं राहिलं.

हे सुटलं कशानं, तर शर्टानं. आमच्याकडे वेचणीला जाताना बाया साडीवर घरच्या माणसाचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतात. ऊन लागत नाही, पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, ओरबाडत नाही. त्या शर्टाचे कोपर आणि खिसे हमखास फाटतात. माझ्या शर्टाचं कोपर फाटलं तेव्हा मी आतून जुन्या धोतराचा तुकडा लावून धावदोरा घातला. शिवणाचा दोरा संपला होता म्हणून डब्यातली अँकरची पिवळी लडी घेतली. ठिगळाच्या कडेनं पिवळा दोरा दिसायला लागला तर तिथंच लेझीडेझीची, म्हणजे पाकळीसारख्या टाक्याची, एक शेवंती काढली, मधे गाठीचे टाके. काही ठरवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वावरात जेवायला बसलो तर एकीनं माझा हात धरून कोपर उलटं केलं आणि म्हणाली, "माह्याही शर्टाले काढून दे ना वं एक." मग दुसरी, मग तिसरी. कोणाला जास्वंद, कोणाला पोपट, एकीला तिच्या नवऱ्याच्या शर्टावर तिचंच नाव पाहिजे होतं, ते आम्ही पाठीवर आतून लिहिलं. ठिगळ असल्यामुळे कोणी रिकामी म्हणालं नाही. आणि हे काम घासलं जातं, धुतलं जातं, पुढच्या वर्षी पुन्हा माझ्याकडे येतं. रुखवतातला रुमाल एका दिवसासाठी टेबलावर असायचा, मग ट्रंकेत.

आमच्यात वेचायला बंजारा तांड्यावरची एक म्हातारी यायची. आम्ही सगळ्या तिला याडी म्हणायचो, म्हणजे आई. तिच्या सुना साड्या नेसतात, ती मात्र अजून फेट्या-कांचळीतच, म्हणजे त्यांच्या घागरा-चोळीत, कवड्या आणि आरसे लावलेल्या. माझं शेवंतीचं ठिगळ बघून तिनं नाक मुरडलं. म्हणाली यात उजेड नाही. तिनं मला आरसा बसवायला शिकवलं, तेही बांधावर बसून, डब्याच्या झाकणात आरसे ठेवून.

ते इथं सांगतेच, कारण हाताला नवीन काही आलं की जुनं कामही जागं होतं. आरसा कापडावर ठेवून डाव्या अंगठ्यानं दाबायचा. कडेपासून थोडं आत दोन आडवे दोरे त्याच्यावरून न्यायचे. मग दोन उभे, आणि उभे नेताना आडव्या दोऱ्याला प्रत्येक ठिकाणी एक वेढा द्यायचा. आरशावर चौकट तयार होते. आता सुई चौकटीच्या खालून काढून बाहेर ओढायची, आरशाला लागून कापडात बारीक टाका घ्यायचा, परत चौकटीखालून, परत कापडात. असं गोल फिरलं की चौकटीच्या चारी बाजू बाहेर ओढल्या जातात आणि तिचं वर्तुळ होतं. सगळी मेख पहिल्या चार दोऱ्यांत आहे. ते कडेला फार जवळ गेले तर निसटतात, मधे फार आले तर आरसा झाकला जातो, आणि सैल राहिले तर पहिल्या धुण्यात आरसा नदीत. याडी माझ्या चौकटीखाली नख घालून बघायची. नख शिरलं की "ढिल्ला हाय" म्हणून उसवायला लावायची. मला माझ्या आयुष्यात इतकं कडक कोणी शिकवलं नव्हतं, आणि मला त्याची मजा वाटत होती. रुखवताच्या टेबलावरची परीक्षाच ती, फक्त घेणारी अधिक जाणती.

त्या आरशांचा उपयोग तान्ह्या पोळ्याला झाला. बाहेरच्या जिल्ह्यांतल्या लोकांसाठी सांगते, श्रावणी अमावास्येला बैलांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी आमच्या विदर्भात लहान मुलांचा. पोरं चाकावरचे लाकडी नंदी सजवून ओढत नेतात, घरोघर बोजारा, म्हणजे पैसे-खाऊ, गोळा करतात. पुतण्याच्या नंदीला मी हातभर झूल भरली. लाल मांजरपाट, कडेनं जुन्या साडीचा काठ, मधे साखळीचा वेल आणि पाठीवर मोठा आरसा. नंदीची झूल लहान असते, चार-सहा बैठकांत होते, आणि तिला तारीख असते. अमावास्या काही आपल्यासाठी पुढं जात नाही. पोरगं रोज येऊन "झालं का मोठ्ये आई" विचारतं ते वेगळंच. त्या एका झुलीनंतर गल्लीतल्या आणखी पोरांचे नंदी माझ्या दारात आले. आता आखाड लागला की मला कोणी आठवण करून द्यावी लागत नाही.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं असं आहे की आवड शोधत बसू नका, माणूस शोधा. तुमच्या भरलेल्या वस्तूची ज्याला गरज आहे, जो ती वापरून मळवील, आणि जो अमुक दिवशी पाहिजे म्हणेल. भिंतीवरची फ्रेम यात बसत नाही असं माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या. अंगणवाडीत जाणारं पोर, शाळेची पिशवी, सासऱ्यांच्या दुपट्ट्याची कड, कशावरूनही सुरू करता येतं.

मोराचं काय करायचं? तुम्ही लिहिलंय की पिसारा निम्मा भरून झाला आहे आणि उरलेला बघून छातीवर दडपण येतं. तो पूर्ण करायची सक्ती कोणी केली आहे? निम्मा पिसारा भरीव ठेवून उरलेल्या पिसांना नुसती उलटी टीप मारली, तर भरलेलं आणि रेषेचं असं दोन्ही शोभतं आणि काम कितीतरी लवकर होतं. तेही नको असेल तर भरलेला भाग कापा, कडा दुमडा, पिशवीवर लावा. मी माझा एक अर्धवट टेबलक्लॉथ असाच कापला. त्यातली दोन गुलाबं आज जेवणाच्या डब्याच्या रुमालावर आहेत आणि हळदीनं पिवळी झाली आहेत. कापताना जीव कासावीस होतो, खोटं सांगत नाही, पण कात्री चालली की लगेच मोकळं वाटतं.

नवीन सामान मात्र आधी आणू नका. आपल्याला वाटतं छान रंगांचे दोरे आणले की हुरूप येईल. हुरूप येतो तो कटलरीच्या दुकानातून घरी येईपर्यंत टिकतो. मोबाईलवर दुसऱ्यांचं भरतकाम बघत बसण्याचंही तेच, बघून बघूनच हात थकतो. घरात आहे तेवढ्यात पहिली वस्तू होऊ द्या.

जुन्या डब्यातलं काय चालेल ते सांगते. सुयांना गंज असेल तर टाकून द्या, गंजकी सुई कापडाला तांबूस ठिपका पाडते आणि तो सहज जात नाही. बारीक कामाला नंबर मोठा असलेली सुई घ्या, भरतकामाच्या सुईत नंबर वाढतो तशी ती बारीक होते. दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, त्याहून लांब घेतला की गुंततो आणि कापडातून जाऊन जाऊन झिजतो. सहा पदर एकदम फाडू नका, एकेक पदर वर सरळ ओढून काढा आणि मग दोन जुळवा, म्हणजे गुंता होत नाही. रिंग दर वेळी उठताना काढून ठेवा, नाहीतर कापडावर गोल वळ पडतो आणि त्यावर घाम-धूळ बसली की धुऊनही दिसत राहतो. जुन्या दोऱ्याची लडी दोन्ही हातांनी ताणून बघा, कट्टकन तुटली तर तो दोरा संपला, त्यावर मेहनत घालू नका. आणि लाल, मरून किंवा गडद निळा वापरणार असाल तर आधी दोऱ्याचा तुकडा भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबा. रंग उतरला तर तो दोरा पांढऱ्या कापडावर नको, गडद कापडावरच वापरा, आणि ते कापड बाकीच्या कपड्यांपासून वेगळं धुवा.