पाण्यात आधी कोपर घालणाऱ्या काकू

प्रश्न: ताई नमस्कार. मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते, नोकरी करते. आमच्या गल्लीत एक रिटायर्ड नर्स काकू आहेत, सत्तरीच्या पुढच्या. परवा ऑफिसातून येताना बघितलं तर मंदिराच्या भिंतीला टेकून जे एक बाबा बसतात, कुष्ठरोगाने बोटं गेलेली, पायाला मोठी जखम, त्यांच्यासमोर काकू टब घेऊन खाली फरशीवर बसलेल्या. आधी स्वतःचं कोपर पाण्यात घालून बघितलं, मग "बाबा, पाँव देखूँ?" असं विचारलं आणि मग पाय हातात घेतला. वास येत होता, माशा होत्या, आणि काकू त्यांच्याशी गावाकडच्या गोष्टी करून राहिल्या होत्या. मला तिथेच रडू आलं. मी गाडी थांबवून दहा रुपये देणारी, आणि 2025 पासून तर इथे भीक द्यायलाही बंदी आली. तेव्हापासून स्वतःसमोरच फार छोटं वाटतंय. सासूबाई म्हणतात लांब राहा, लागण होते. मी काय करू?

उत्तर: तुमचं पत्र वाचून मलाही भरून आलं, विशेषतः ते कोपराचं वाचून. कुष्ठरोगात हातापायांच्या नसा जातात, तिथे काही कळतच नाही, पाणी चटका देणारं असलं तरी त्या बाबांना समजणार नाही, खडा रुतला, खिळा घुसला तरी माणूस तसाच चालत राहतो आणि मग तुम्ही बघितली तशी जखम होते. बोटंही आपोआप झडत नाहीत हो, परत परत लागून, भाजून, पिकून हळूहळू झिजतात. जे त्या बाबांना जाणवत नाही ते काकू स्वतःच्या कोपराने त्यांच्यासाठी जाणून घेत होत्या. आणि पायाला हात लावायच्या आधी परवानगी मागितली. रस्त्यावरच्या माणसाला असं कोण विचारतं सांगा!

पण काकूंना देवी करू नका बरं का. त्या देवी झाल्या की आपण हात जोडून मोकळे होतो. आपल्या माळवा-निमाडला बाबा आमटे काही परके नाहीत, 1990 पासून कितीतरी वर्षं ते बडवानीजवळ कसरावदला नर्मदेकाठी राहिले. ते वरोऱ्याला असताना भर पावसात रस्त्याकडेला पडलेला, शेवटच्या अवस्थेतला कुष्ठरोगी तुळशीराम त्यांना दिसला आणि ते घाबरून निघून गेले. बाबा आमटे! मग त्या भीतीनेच त्यांना स्वस्थ बसू दिलं नाही, ते परत गेले, त्याचं सगळं केलं, आणि पुढे कलकत्त्याला जाऊन या रोगाचं रीतसर शिक्षण घेतलं. आनंदवन सुरू झालं ते सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपयांवर. म्हणजे करुणा होतीच, पण तिच्या मागोमाग शिकणंही आलं. काकूंचा हातही वर्षानुवर्षं वॉर्डात काम करून तसा झालाय. तुम्हाला वास सहन झाला नाही तर त्यात लाज कसली, तुम्ही तिथून निघून गेला नाहीत हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

सासूबाईंना शांतपणे सांगा की हा रोग आनुवंशिक नाही, शिवल्याने किंवा शेजारी बसल्याने होत नाही, बहुतेकांच्या शरीरात त्याच्याशी लढायची ताकद मुळातच असते. एमडीटी नावाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने, आणि त्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत रुग्णापासून दुसऱ्याला लागण होत नाही. मंदिराजवळच्या त्या बाबांचा कोर्स कदाचित केव्हाच पूर्ण झालेला असेल, कारण रोग बरा झाला तरी बधिरपणा राहतो आणि जखमा होतच राहतात.

लगेच ड्रेसिंग करायला बसायची गरज नाही, न शिकता ते करूही नये. काकूंकडे जा, त्यांना काय लागतं ते विचारा. गॉज, बँडेज, पाय भिजवून झाल्यावर चोळायला साधं तेल. बाबांच्या पायात काय आहे तेही बघा, कारण अशा पायांना मऊ तळाची खास चप्पल लागते, बाजारातली कडक चप्पल घातली की परत तीच जखम. आणि सरकारी दवाखान्यात त्यांना न्यायचं ठरलं तर या वयात काकूंनी एकटीने रिक्षात कसं चढवायचं? त्या दिवशी अर्धी रजा टाका आणि सोबत जा.