‘शार्पशूटर’चा शार्प्स रायफलशी संबंध काय?

प्रश्न असा आहे: ‘शार्पशूटर’ हा शब्द अमेरिकेतल्या शार्प्स रायफलवरून, म्हणजे ती घडवणाऱ्या ख्रिश्चन शार्प्सच्या नावावरून आला का? आणि मराठीत त्याला काय म्हणावं?

नाही आला. ख्रिश्चन शार्प्सचा जन्म १८१० चा, न्यू जर्सीतला. १८०१ मध्ये एडिंबऱ्याच्या वर्तमानपत्रात एका पलटणीतल्या ‘शार्प शूटर्स’च्या दोन कंपन्यांचा उल्लेख छापून आला आहे. शार्प्सला पेटंट मिळालं ते १८४८ च्या सप्टेंबरात. जन्माआधी नऊ वर्षं छापला गेलेला शब्द त्याच्या नावावरून पडणार कसा?

शब्द आला आहे जर्मनमधून. तिथे ‘शार्फशुत्से’ असा जोडशब्द आहे. ‘शार्फ’ म्हणजे तीक्ष्ण, ‘शुत्से’ म्हणजे नेम मारणारा. इंग्रजांनी दोन्ही तुकडे आपल्या भाषेत जसेच्या तसे उतरवले. पण खरी गंमत ‘शुत्से’मध्ये आहे. हा शब्द बंदुकीच्या कितीतरी आधीचा, धनुर्धराचा. आकाशातल्या धनु राशीला जर्मन माणूस आजही ‘शुत्से’च म्हणतो! हत्यार बदललं, शब्द तोच राहिला. आपला ‘गोलंदाज’ याच वाटेने गेला. फारसी ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा. तोफेचे गोळे डागणारा गोलंदाज आज क्रिकेटचा चेंडू टाकतो. हातात काय आहे याला असे शब्द चिकटून राहत नाहीत, ते क्रियेला धरून राहतात. म्हणूनच एखाद्या बंदुकीच्या छापावरून ‘शूटर’चं विशेषण पडलं, ही कल्पना मला मुळातच पटत नाही.

तरीही जाणकार म्हणवणारी मंडळी ही कथा पुन्हा पुन्हा सांगतात. त्यांचा आधार एकच: अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातला अधिकारी हायरम बर्डन याच्या ‘शार्पशूटर्स’ पलटणींकडे शार्प्स रायफली होत्या. होत्या, पण कधी? पलटणी उभ्या राहिल्या, त्यांना नाव मिळालं, ते १८६१ मध्ये. रायफली हातात पडल्या १८६२ मध्ये. मधल्या काळात त्यांना कोल्टच्या फिरत्या चेंबरच्या रायफली दिल्या होत्या आणि त्या शिपायांना आवडत नव्हत्या. शिवाय समोरच्या दक्षिणी सैन्यातल्या शार्पशूटरांकडे इंग्लंडहून आणलेल्या व्हिटवर्थ रायफली होत्या, आणि त्या तर ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून भरायच्या. त्यांना मग व्हिटवर्थशूटर का नाही म्हटलं? तारखा न पाहता व्युत्पत्ती सांगायची ही सवय फार वाईट आहे.

बर्डनच्या पलटणीत शिरायची कसोटी मात्र नावाला शोभणारी होती. २०० यार्डांवरून, म्हणजे सुमारे १८० मीटरवरून, लागोपाठ दहा गोळ्या झाडायच्या आणि त्या मध्यबिंदूपासून सरासरी पाच इंचांच्या आत बसल्या पाहिजेत. अशा माणसांना शार्प्स रायफल का हवी होती, ते तिची रचना पाहिली की कळतं. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडाकडून घालून गजाने ठासावी लागते, त्यासाठी बहुधा उभं राहावं लागतं. शार्प्समध्ये चापाभोवतीची कडी खाली ओढली की नळीमागचा लोखंडी ठोकळा खाली सरकतो. कागदाचं किंवा कापडाचं काडतूस मागून सरकवायचं आणि कडी वर घ्यायची. वर येणाऱ्या ठोकळ्याची धारच काडतुसाचं बूड कापून दारू उघडी करते. हे सगळं जमिनीवर पालथं पडून करता येतं. झाडाआड, कुंपणाआड आडवा पडलेला शिपाई न उठता मिनिटाला आठ-दहा गोळ्या झाडू लागला, आणि रांगेत उभं राहून लढायच्या पद्धतीला धक्का बसला. रचनाकाराचं युद्धावरचं ऋण मोजायचं तर ते इथे मोजा, शब्दकोशात नको. (शार्प्स स्वतः मात्र १८५९ चं हे मॉडेल निघण्याआधीच कंपनीतून बाहेर पडला होता.)

ज्याचं नाव खरोखर भाषेत उरलं तो बर्डन, आणि तेही रशियनमध्ये! युद्धानंतर त्याने स्वतः रायफल घडवली, ती रशियाने घेतली, आणि तिथे तिचं नाव पडलं ‘बर्दानका’. गॅटलिंग तोफ घडवणाऱ्या गॅटलिंगच्या नावातून अमेरिकी बोलीत पिस्तुलाला ‘गॅट’ म्हणू लागले. ‘डेरिंजर’ हे छोट्या पिस्तुलाचं नाव, तेही एका बंदूक घडवणाऱ्याचंच आडनाव. माणसाच्या नावावरून शब्द होतो तेव्हा तो असा वस्तूचा होतो, ती चालवणाऱ्याचा नाही, असं माझं ठाम मत आहे. ‘स्नायपर’सुद्धा माणसाच्या नावावरून नाही. अठराव्या शतकात हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी स्नाइप, म्हणजे आपला पाणलावा, मारायला जात. वेडावाकडा उडणारा हा पक्षी टिपणं कठीण, त्यावरून तो शब्द.

आता मराठीबद्दल. सुपारी घेऊन मोटारसायकलवरून येणारा आणि दोन हातांवरून गोळ्या झाडून पळणारा गुंड आपल्या बातम्यांत रोज ‘शार्पशूटर’ होतो. त्यात नेम कुठला आला? अमेरिकी लष्करात नेमबाजीच्या तीन पायऱ्या आहेत, मार्क्समन, शार्पशूटर आणि एक्स्पर्ट. मधली पायरी गाठायलाही परीक्षा द्यावी लागते. गुंडाला ‘मारेकरी’ लिहा. खऱ्या शार्पशूटरला ‘नेमबाज’ पुरे आहे, आणि पलटणीतला असेल तर ‘निष्णात नेमबाज’.