वडील वारले म्हणून घरकुलाच्या यादीतलं नाव जातं का?

प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) घरकुलाबद्दल सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातून एका दादांनी विचारलंय, त्यांच्याच शब्दांत थोडक्यात देते:

"मॅडम, माझ्या वडिलांचं नाव घरकुलाच्या ड यादीत (आवास प्लस या सर्वेतून झालेली प्रतीक्षा यादी) होतं, २०१८ ला सर्वे झाला तेव्हा मातीच्या घराचा फोटो काढून नेलेला. दोन वर्षांपूर्वी वडील वारले. आई त्याच घरात एकटी राहते, वर पत्रा, मागची भिंत या पावसात खचली. मी चाकणला कंपनीत, बायको आणि मुलगी माझ्याजवळच, भाड्याने राहतो. बहिणीचं लग्न झालंय. आता यादीत नंबर जवळ आला तर ग्रामपंचायतीत सांगतात लाभार्थी मयत म्हणून नाव गेलं, आणि तसंही मुलाचा पीटी (व्यवसाय कर) कापतो म्हणजे अपात्रच. जागेचा उतारा अजून आजोबांच्या नावावर आहे, चुलते सही द्यायला टाळतात. गावातलाच एकजण म्हणतो दहा हजार दे, वर बोलून नाव परत चढवतो. काय करू? डायरेक्ट कोर्टात जाऊ का?"

दादा, तुम्हाला जे काही सांगितलंय ते सगळं तोंडी सांगितलंय. कागद एकही नाही तुमच्या हातात. आणि तोंडी नकाराविरुद्ध ना अपील करता येतं ना कोर्टात जाता येतं, कारण उद्या समोरचा म्हणणार आम्ही असं काही बोललोच नाही. म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवून पहिलं काम हे, की नाव खरंच वगळलंय का, कधी वगळलं, कुठल्या ग्रामसभेत, आणि रेकॉर्डला कारण काय लिहिलंय हे लेखी मिळवायचं. योजनेच्या नियमातच आहे की यादीची पडताळणी ग्रामसभेत होते आणि ज्यांची नावं काढली त्यांची वेगळी यादी कारणासकट ठेवायची असते. कित्येकदा असं निघतं की नाव यादीत जसंच्या तसं आहे, फक्त वारसाची नोंद कोणी केली नाही म्हणून पुढे सरकत नाही, आणि खिडकीवरचा माणूस "गेलं" म्हणून मोकळा होतो.

हे मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आईकडे दारिद्र्यरेषेचा दाखला असेल तर तेही लागत नाहीत. आपल्या महाराष्ट्राच्या नियमात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा लागतो हे लक्षात ठेवा, नाहीतर लोक चार पानांची कैफियत लिहितात आणि त्याच कारणावरून अर्ज परत येतो. मागायचं एवढंच, वडिलांच्या नावाच्या आवास प्लस नोंदीची प्रत, त्यात कुटुंबातले कोण कोण दाखवलेत ते, आणि नाव वगळलं असेल तर त्या ग्रामसभेचा ठराव. एक अर्ज ग्रामपंचायतीत, एक वडूजला पंचायत समितीत. "का वगळलं" असा प्रश्न विचारू नका, कागदाची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील.

आता वडिलांचं. लाभार्थी मंजुरीआधी वारला म्हणजे हक्क संपला असं नाही, त्याला कायदेशीर वारस असेल तर त्याच्या नावावर ते घेता येतं, नाव काढायचं ते वारसच नसेल तेव्हा. इथे वारस समोर बसलेली आहे, त्याच घरात, त्याच गळक्या पत्र्याखाली. आणि ही योजना तर मुळातच घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर द्यायला सांगते. म्हणून आईच्या सहीने एक साधा अर्ज द्या की पती मयत, मी विधवा पत्नी, माझं नाव वारस म्हणून लावा. सोबत मृत्यूचा दाखला, आईचं आधार, पासबुक, रेशनकार्ड. तुम्ही आणि बहीण दोघंही वडिलांचे वारस आहात, तेव्हा दोघांचं आईच्या नावाला ना-हरकत जोडा. बहिणीला विसरू नका, लग्न झालं म्हणून तिचा वारसा जात नाही आणि तिची सही नसेल तर पुढे तेच एक कारण होतं.

अर्ज दिला की पोच घ्या, शिक्का आणि तारीख असलेली. आवक नंबर नसलेला अर्ज दिला न दिल्यासारखाच.

आता तुमच्या पगाराचं, खरी अडचण इथे आहे आणि मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. अपात्रतेचे निकष आधी १३ होते, नंतर १० केले, त्यात दुचाकी, फ्रीज, लँडलाईन हे निघालं आणि महिन्याच्या कमाईची मर्यादा १०,००० वरून १५,००० झाली. पण कुटुंबातलं कोणी व्यवसाय कर भरत असेल तर अपात्र, हा निकष आहे तसाच आहे. कंपनीत पगार घेणाऱ्या जवळपास प्रत्येक पुरुषाच्या स्लिपवर ते पीटीचे दोनशे रुपये कापलेले दिसतातच, म्हणजे ग्रामपंचायतीत जे म्हणाले ते हवेत बोलले नाहीत. चारचाकी, अडीच एकर किंवा जास्त बागायत, ५०,००० किंवा त्यावर मर्यादा असलेलं किसान क्रेडिट कार्ड, हेही निकष आहेत, वडिलांच्या नावावर सोसायटीचं पीककर्ज होतं का ते बघून घ्या, आपल्याकडे पुष्कळ लोक तिथे अडकतात.

पण प्रश्न असा आहे की तुम्ही आईच्या "कुटुंबात" आहात का. या योजनेचा पाया २०११ च्या सामाजिक आर्थिक जात जनगणनेवर आहे आणि तिथे कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी, एका चुलीवर जेवणारी माणसं. मुलगा आहे एवढ्यावरून तो आपोआप त्या कुटुंबात येत नाही. तुम्ही तिकडे भाड्याने राहता, बायको-मुलगी तिकडे, चूल तिकडे. आईला महिन्याला पैसे पाठवता म्हणून चूल एक होत नाही, ते मुलाचं कर्तव्य आहे आणि त्याची शिक्षा आईला मिळावी असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.

फक्त हे कागदावर दिसायला पाहिजे. तुमचं नाव अजून आईच्याच रेशनकार्डावर आहे का? मला वाटतं असणार, कारण चाकणला जाऊन कोणी लगेच कार्ड वेगळं करत नाही. असेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेतून नाव कमी करून वेगळं कार्ड करून घ्या, आजच्या तारखेने. मागच्या तारखेचं काही करू नका आणि कोणी करून देतो म्हटलं तरी नको, खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे आणि एकदा ते बाहेर आलं की आईचं खरं प्रकरणपण खोटं ठरतं. तुमची बाजू खरी आहे, तिला खोट्याची गरजच नाही. चाकणचा भाडेकरार, तिथलं गॅस कनेक्शन, मुलीच्या शाळेचा किंवा अंगणवाडीचा कागद, कंपनीचं पत्र, एवढं तुमच्या वेगळ्या राहण्याचं. आईच्या बाजूने तिच्या नावावरचा गॅस, आणि संजय गांधी निराधारचं अनुदान मिळत असेल तर तो मंजुरीचा आदेश नक्की लावा, कारण एका सरकारी ऑफिसने जिला निराधार मानलंय तिला दुसऱ्याने पगारदार घरातली म्हणणं जड जातं. २०१८ च्या नोंदीत कुटुंबात तुमचं नाव लिहिलेलं असेल तर घाबरून जाऊ नका, तेव्हाची परिस्थिती तेव्हाची, आज काय आहे ते तपासा अशी लेखी मागणी करायची, घरी येऊन चौकशी करा म्हणायचं.

आणि जर उलट असतं, म्हणजे बायको-मुलगी गावातच आईजवळ आणि तुम्ही फक्त नोकरीला बाहेर, तर मी सरळ सांगितलं असतं की नियम तुमच्या विरुद्ध आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं नाही.

खचलेल्या भिंतीचा तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या लगेच. नुकसानीचं जे काही मिळेल ते मिळेल, पण घर कच्चं आणि राहायला धोक्याचं आहे हे महसूलच्या कागदावर येतं. भिंत पडली म्हणून सगळं घर पाडून बांधकामाला मात्र लागू नका. मंजुरीचा आदेश आणि जिओ टॅगिंगचा (जागेचं ठिकाण नोंदवणारा) फोटो झाल्याशिवाय पाया खणला की हप्ता अडकतो.

जागेचं आता. नमुना ८ चा उतारा आजोबांच्या नावावर आहे म्हणून घर मिळणारच नाही असं नाही. तो उतारा कर आकारणीचा आहे, मालकीचा पुरावा नाही, हे कोर्टांनी कितीतरी वेळा सांगितलंय. पण घरकुलासाठी जागा वादाची नसावी लागते आणि चुलत्यांनी हरकत घेतली तर काम थांबतं हेही तितकंच खरं. माझा अनुभव असा आहे की चुलते बहुतेक वेळा दुष्टपणाने अडवत नाहीत, त्यांना भीती असते की ना-हरकतीवर सही केली म्हणजे सगळ्या वाड्यावरचा आपला हिस्सा सोडला. ती भीती अगदीच चुकीचीही नाही, कारण लोक छापील ना-हरकत आणतात आणि त्यात "माझा कसलाही हक्क राहणार नाही" असलं काहीतरी असतं. तुम्ही वेगळं लिहून घ्या. फक्त जिथे आईचं सध्याचं घर उभं आहे तेवढ्याच जागेची लांबी-रुंदी आणि चतुःसीमा टाका, तिथे नवीन बांधायला हरकत नाही म्हणा, आणि खाली स्पष्ट लिहा की बाकी मिळकतीतला चुलत्यांचा हिस्सा अबाधित आहे. योजनेत घर लागतं किमान २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट, त्यापेक्षा फार जागा मागायची गरजच नाही. चुलत्यांसमोर बसून, चार माणसं घेऊन, वाचून दाखवा. आई स्वतः बोलली तर जास्त बरं.

वाटपाचा दावा आत्ता लावू नका, तो वर्षानुवर्षं चालेल. जागाच नसलेल्या लाभार्थ्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला १ लाखापर्यंत मदत आहे, पण आईचा वडिलोपार्जित जागेत हिस्सा दिसतोय म्हणून तिला जागा नाही हे पटवणं अवघड जाईल, तो रस्ता शेवटचा ठेवा.

दहा हजारांचं. देऊ नका. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणारासुद्धा गुन्हेगार आहे, जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा लाचलुचपत खात्याला कळवलं तरच सुटका. आणि बघा ना, घरकुलाचे पैसे मैदानी भागात १,२०,००० रुपये, ते हप्त्याहप्त्याने थेट आईच्या खात्यावर येणार, शिवाय रोजगार हमीतून मजुरी आणि शौचालयाचे १२,००० वेगळे. एवढ्यातून घर उभं करताना तुमची आधीच ओढाताण होणार आहे, त्यातले दहा हजार अशा माणसाला का द्यायचे ज्याच्या हातात यादी नाहीच. फोनवर मागत असेल तर बोलणं जपून ठेवा आणि १०६४ ला फोन करा.

कोर्टाचं शेवटी. आत्ता नाही. माहिती अधिकाराचे कागद आले, नाव वगळलेलं निघालं, तर आधी गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार, तिथे नाही झालं तर जिल्ह्याला अपील समिती असते तिच्याकडे, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या. हे सगळं करूनही आईला बाजू मांडायची संधी न देता नाव काढलंय असं कागदावर दिसलं तर मग हायकोर्टात रिट याचिका करता येते. घर हा तुमचा हट्टाने मागायचा हक्क नसला तरी ऐकून न घेता नाव उडवणं हे राज्यघटनेच्या कलम १४ ला धरून नाही. आणि त्यासाठी आता मुंबईला जायची गरज नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सातारा जिल्हा त्यात येतो. वकिलाच्या फीची काळजी करू नका, विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. अर्ज आईच्या नावाने करा, तुमच्या नाही. वडूजच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, तिथे आईला घेऊन जा, वर सांगितलेले अर्जसुद्धा तिथे लिहून देतात.

अजून एक विचारा ग्रामपंचायतीत, आवास प्लस २०२४ चा जो नवीन सर्वे झाला त्यात आईची नोंद झाली होती का. झाली असेल तर जुनी नोंद आणि नवी नोंद दोन्हींचा नंबर अर्जात लिहा. तुमचा समाज ओबीसी असेल तर मोदी आवास योजना, अनुसूचित जातीला रमाई, हे पर्यायपण विचारून ठेवा, त्यांची यादी आणि अटी वेगळ्या आहेत.

मृत्यूचा दाखला, आजोबांच्या नावाचा तो नमुना ८ आणि तुमचं सध्याचं रेशनकार्ड, या तिघांचे फोटो मला पाठवा, रेशनकार्डावर कोणाकोणाची नावं आहेत ते बघून अर्जाचा मजकूर कसा घ्यायचा ते सांगते.